बास की पाच

३ जानेवारी

भाऊजी,

तुम्हाला आशीर्वाद द्यायचा की नमस्कार करायचा, हे लग्न झाल्यापासून मला ठरवता आलेलं नाही. नात्याने धाकटे, हुद्द्याने मोठे. दोन्ही घ्या.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही वकिलासारखं बोलता आणि मी शाळेतल्या बाईसारखं, आणि दोघांपैकी कुणीच कुणाचं ऐकत नाही.

तुमचे दादा जाऊन चार महिने झाले. मी बरी आहे. जेवते, झोपते, आठवड्यातून दोन सकाळी शाळेत जाते. निवृत्त झाले तरी कर्णबधिरांच्या शाळेने मला सोडलेलं नाही. आता मोठ्या माणसांचा वर्ग घेते. उतारवयात ज्यांचं ऐकणं गेलं, त्यांना ओठ वाचायला शिकवते. आठ जण आहेत. त्यात एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, ते कुणाच्याही ओठांकडे न बघता थेट त्याच्या खिशाकडे बघतात. सवय.

मुद्द्याचं. अश्लील चित्रफितींवर कायद्याने बंदी आणावी की नाही, यावर नागरिकांची मतं मागवली आहेत, असं पेपरात वाचलं. खाली समितीचा सचिव म्हणून तुमचं पद छापलेलं होतं. मला निवेदन द्यायचं आहे. माझं मत साधं आहे: संपूर्ण बंदी. बनवणारा, विकणारा, बघणारा, सगळे आत.

कारण विचाराल म्हणून सांगते. माझी एक मैत्रीण आहे. तिचा नवरा वारला. साधा, पापभीरू माणूस, आयुष्यभर वेळेवर घरी येणारा. कागदपत्रं शोधताना तिला त्याच्या कॉम्प्युटरवर हा प्रकार सापडला. एक-दोन नाही, चाळीसच्या वर. ती कुणाला सांगू शकत नाही आणि ज्याच्याशी भांडायचं तो फोटोत जाऊन बसला आहे. असा कायदा आधी असता तर तिच्यावर ही पाळी आली असती का?

निवेदन किती पानांचं चालतं ते कळवा.

तुमची वहिनी

१४ जानेवारी

वहिनी,

दोन्ही पोचले. परतीच्या टपालाने फक्त नमस्कार पाठवतो.

निवेदन कितीही पानांचं चालतं, कारण वाचायला मीच आहे. आतापर्यंत चार हजारांवर आली आहेत. माझ्या खोलीत दोन ढीग केले आहेत, 'बंदी आणा' आणि 'बंदी नको'. खिडकी उघडली की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि शिपाई म्हणतो, "साहेब, यांचं पटलं वाटतं."

तुम्ही 'सगळे आत' असं एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. मला त्याचा मसुदा करायचा असतो. सगळे म्हणजे कोण? बघणारा आत घातला तर तुरुंग कमी पडतील. विकणारा परदेशात बसलेला असतो. बनवणारा सापडत नाही. सापडते ती कॅमेऱ्यासमोरची बाई, कारण तिचाच चेहरा दिसत असतो. म्हणजे सगळ्यांत आधी ती आत जाणार.

'बंदी नको'च्या ढिगात एक निवेदन चार ओळींचं आहे. याच धंद्यातल्या एका बाईचं, नाव नाही. तिने लिहिलं आहे: "बंदी घातलीत तर आमचं काम थांबणार नाही, फक्त दार आतून लागेल. मग मी आत ओरडले तर ते कुणाला ऐकू जाणार?" मी ते कुठल्याच ढिगात ठेवलं नाही. टेबलाच्या खणात आहे.

याचा अर्थ मी बंदीच्या विरोधात आहे असा नाही. मी सचिव आहे. सचिवाला मत नसतं, फक्त पाठदुखी असते.

तुमच्या मैत्रिणीला सांगा, फार मनाला लावून घेऊ नये. 'गच्ची दुरुस्ती' असल्या नावाखाली माणसं काय काय दडवून ठेवतात. त्यावरून सबंध माणूस मोजायचा नसतो.

तुमचा धाकटा

२२ जानेवारी

भाऊजी,

माझ्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. ती तीनदा वाचली. त्यात गच्चीचा उल्लेख कुठेही नाही.

मैत्रीण वगैरे कुणी नाही, हे तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलेलं होतं. डिसेंबरात मागच्या खोलीची भिंत ओली झाली. गवंडी म्हणाला, आधी कुठे काम केलं होतं त्याचे कागद असतील तर बघा. मी कॉम्प्युटर उघडला, 'गच्ची दुरुस्ती' नाव दिसलं, मनात म्हटलं, किती व्यवस्थित होते हे. आणि उघडलं. गवंडी मागे उभा होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ भिंतच बघत राहिला. चांगला माणूस.

आता तुम्ही सांगा. तुम्हाला हे नाव कसं माहीत?

वहिनी

२ फेब्रुवारी

वहिनी,

दहा दिवस घेतले. तीन पत्रं लिहून फाडली. त्यांत मी स्वतःला फार चांगला दाखवत होतो.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवर रांगेत होता, तेव्हा दादाने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "घरी जा. माझ्या कॉम्प्युटरवर गच्ची दुरुस्ती म्हणून आहे, ते सगळं पुसून टाक. हिला कळायला नको."

मी किल्ली घेऊन गेलो. उघडलं. काय आहे ते दिसल्यावर दोन मिनिटांत बंद केलं. आणि पुसलं नाही. का नाही, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. आता वाटतं की पुसलं असतं तर दादा आता परत येत नाही, हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. बरा होऊन आला की स्वतःच काय ते करील, लाजेल, मला शिव्या देईल, असं धरून चाललो. परत येऊन त्याला म्हणालो, "झालं." त्याने डोळे मिटले. तो निश्चिंत झाला माझ्या एका खोट्यावर, आणि पुढचं सगळं तुमच्या अंगावर आलं.

माफी मागतो. मागायलाही तोंड नाही, पण मागतो.

एक ऐका. तुम्ही रागावला आहात आणि राग कायद्याकडून वसूल करायला निघाला आहात. कायदा मेलेल्या माणसाला बोल लावू शकत नाही. ते सगळं पुसून टाका. पाहू नका. दादाचं एवढं राहिलेलं काम तुम्हीच करा, कारण मी ते केलं नाही.

धाकटा

११ मार्च

भाऊजी,

महिनाभर उत्तर दिलं नाही, ते रागाने नाही. राग होता, पण तो पहिल्या आठवड्यात संपला. उरलेले दिवस मी काम करत होते.

पुसलं नाही. बघितलं. दुपारी दोन ते चार, खिडकीला पडदा लावून, शेजारची भिंत पातळ म्हणून आवाज पूर्ण बंद करून. एकूण एक्केचाळीस. पहिल्या दोन दिवसांत मला फक्त किळस आली. तिसऱ्या दिवशी मात्र माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. एकतीस वर्षं मी माणसांच्या तोंडाकडे बघत आले आहे. आवाज नसला की माझे डोळे आपोआप ओठांवर जातात. बाकीचं दिसेनासंच होतं.

एक्केचाळीसपैकी अकरा फितींत आपल्या भाषेत बोलतात. मी वही घेऊन बसले आणि उतरवून काढलं.

तुम्हाला वाटेल काय असेल त्यात. एक बाई म्हणते, "पायात गोळा आला, थांब." एक विचारते, "अजून किती?" एक हसत हसत समोरच्याला म्हणते, "तुझा कोपर टोचतोय रे." ती खरंच हसत होती. माझ्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत हसतात तसं, कामावरच्या माणसांचं हसणं. तुम्ही खणात ठेवलेलं पत्र मला आठवलं. माझ्या 'सगळे आत'मध्ये हीसुद्धा आत गेली असती. कोपर टोचल्याबद्दल हसणाऱ्या बाईला तुरुंगात घालून मला काय मिळणार होतं, कळेना. निवेदन लिहून तयार होतं ते बाजूला ठेवलं.

मग एकोणतिसावी फीत. पस्तिशीची बाई. भिंतीला टेकलेली. माणूस दिसत नाही. ती त्याच्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी बघते आणि काहीतरी बोलते. एकच शब्द, तीनदा. पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा मान हलवून, तिसऱ्यांदा अगदी सावकाश, आमच्या शाळेत नवीन माणसाशी बोलतात तसा. मी तो शब्द 'बास' असा वाचला.

मग आवाज लावला. नुसतं गाणं. मूळ आवाज काढून वर गाणं चढवलेलं.

मी उठून पाणी प्यायले आणि ती फीत परत चारदा बघितली. चारही वेळा 'बास'.

समितीपुढे मला हे सांगायचं आहे. बंदीचं नाही, हे. सुनावणीत वेळ मिळेल?

वहिनी

२० मार्च

वहिनी,

नका येऊ.

मी हे सचिव म्हणून लिहीत नाही, घरातला म्हणून लिहितो. तुम्ही उभ्या राहिलात की पहिला प्रश्न येईल, हे तुमच्याकडे आलं कुठून. तुम्ही खोटं बोलणार नाही. म्हणजे दादाचं नाव पेपरात येणार. ज्या माणसाने मरताना एकच गोष्ट मागितली, त्याच्याविषयी गावभर बोलणं होणार. लोक तुमच्याकडेही बघतील. निवृत्त शिक्षिका दुपारी पडदा लावून काय बघते, यावर लोकांना दोन वर्षं पुरेल एवढा विषय होईल.

आणि समितीत एक वकील आहेत. फार हुशार, फार सभ्य, आणि माणसाला हसत हसत सोलतात. ते विचारतील, बाई, ओठांवरून शब्द नक्की कळतो का? तुम्ही काय सांगणार? तुम्हाला खात्री आहे का?

धाकटा

ता. क. हितसंबंधांचा प्रश्न माझाही आहे, हे लपवत नाही. साक्षीदार वहिनी असेल तर मला खुर्ची सोडावी लागेल.

२९ मार्च

भाऊजी,

नाही. खात्री नाही.

तुमचे वकील हुशार असतील, पण त्यांच्या आधी हा प्रश्न मी स्वतःला विचारला. आरशासमोर उभ्या राहा, आपलं, उभे राहा, आणि आवाज न काढता म्हणा: बास. मग म्हणा: पाच. प, ब, म ही तिन्ही अक्षरं ओठांवर एकसारखी दिसतात. मागचं 'स' आणि 'च' दातांआड होतं, तेही जवळजवळ सारखंच. वर्गात मी पहिल्याच दिवशी हे सांगते. ओठांवर निम्मं दिसतं, उरलेलं आपण आजूबाजूवरून भरतो. त्या बाईने 'पाच' म्हटलं असेल. पाच मिनिटं राहिली, पाच वाजले, काहीही. आणि मी नवऱ्यावर चिडलेली होते, म्हणून मला 'बास' दिसलं असेल.

म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले. आता अडतीसची आहे, कपडे शिवण्याच्या कारखान्यात कॉलर लावते. जन्मापासून ऐकू येत नाही, पण आम्ही तिला बोलायला शिकवलं होतं आणि ती बोलते, जड, स्पष्ट. कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत, दोघीच होतो. मी लाजत लाजत विषय काढला. काय सापडलं, कुठे सापडलं, सगळं सांगितलं. मला कुठला शब्द दिसला तेवढं सांगितलं नाही, तो तिने स्वतः वाचायला हवा.

तिने डबा बंद केला. म्हणाली, "बाई, तुम्हाला हे आता कळलं?"

"म्हणजे?"

"आम्हाला हे नेहमीच दिसतं. आमच्यातले लोकही बघतात की असल्या फिती. कुणी सोवळं नाही. पण आम्हाला गाणं ऐकू येत नाही. आम्हाला त्या काय बोलतात ते दिसतं. कितीदा तरी बंद करून टाकतात आमच्यातले."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं?"

एकतीस वर्षं मी त्यांना ओठ वाचायला शिकवलं. का, तर आपण काय बोलतो ते त्यांना कळावं म्हणून. त्यांना काय दिसतं ते मला सांगावं, असं माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

मी येणार. दादांचं नाव सांगावं लागलं तर सांगेन. त्यांनी मागितलं होतं ते तुमच्याकडे, माझ्याकडे नाही. खुर्चीचं काय ते तुम्ही ठरवा.

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

आरशासमोर उभा राहिलो. शिपायाने बघितलं. आता तो माझ्याशी फार जपून वागतो.

अध्यक्षबाईंना सगळं सांगितलं: साक्षीदार माझी वहिनी, फीत माझ्या भावाची, आणि ती असल्याचं मला ऑगस्टपासून माहीत होतं. त्या निवृत्त न्यायाधीश आहेत, कशानेही दचकत नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बाहेर बसा. आत काय झालं ते बाहेर आल्यावरही विचारू नका."

२४ एप्रिल, सकाळी अकरा. फीत आधी पोलिसांच्या सायबर विभागात द्या, पोच घ्या. समितीपुढे फक्त त्या बाईचा चेहरा दाखवला जाईल, बाकी सगळं झाकून. ती कोण आहे ते आपल्याला माहीत नाही. तिला परत एकदा सगळ्यांसमोर उभं करायचं नाही. ही अट अध्यक्षबाईंची.

मी बाहेरच्या बाकावर असेन.

धाकटा

२७ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही बाकावर होतात आणि नंतरही शब्द पाळून काही विचारलं नाहीत, मुकाट्याने स्टेशनवर पोचवलंत. विचारू नका असं तुम्हाला सांगितलं होतं. मला सांगू नका असं कुणी म्हटलेलं नाही.

खोली शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाएवढी. लांब टेबल, नऊ माणसं, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि कुणीच पाणी पीत नव्हतं. वकिलांनी अगदी तुम्ही सांगितलंत तसंच सुरू केलं.

"ही फीत आपल्याकडे कशी आली?"

"माझ्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर होती. ते सप्टेंबरात वारले."

"म्हणजे आपले यजमान या गोष्टी बघत असत."

"हो."

एवढंच. मला वाटलं होतं हा शब्द बाहेर काढताना काहीतरी तुटेल. काही झालं नाही. टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ मात्र आपल्या पेनाचं टोपण फारच बारकाईने बघू लागले.

"तेव्हा आपला बंदीला पाठिंबा असणार."

"होता. आता मला माहीत नाही. मला जे दिसलं ते सांगायला आले आहे."

मी शब्द सांगितला नाही. अध्यक्षबाईंनीच तसं ठरवलं होतं: तीन माणसांनी वेगवेगळं वाचावं आणि पाकिटात लिहून द्यावं. कारखान्यातली माझी विद्यार्थिनी, माझ्या वर्गातले कंडक्टर, आणि समितीने आणलेले एक तज्ज्ञ, दुसऱ्या शाळेचे. पडद्यावर फक्त चेहरा. बाकी काळं. बावीस सेकंद. तिघांनी तीनदा बघितलं. खोलीत गाणं नव्हतं, काहीच नव्हतं. त्या नऊ माणसांनी असा नुसता चेहरा पहिल्यांदाच बघितला असणार.

अध्यक्षबाईंनी पाकिटं फोडली. माझ्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं: बास. कंडक्टरांनी लिहिलं होतं: पाच. तज्ज्ञांनी लिहिलं होतं: निश्चित सांगता येत नाही.

वकील हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे हसले. म्हणाले, "तीन जाणकार, तीन उत्तरं. यावर आम्ही कायदा करायचा?"

खरं सांगते, भाऊजी, मला त्या क्षणी उठून घरी जावंसं वाटलं. माझ्याच वर्गातल्या माणसाने 'पाच' लिहिलं होतं.

अध्यक्षबाईंनी कंडक्टरांकडे तोंड केलं आणि सावकाश बोलल्या, त्यांना वाचता येईल असं. "तुम्ही पाच लिहिलंत. म्हणजे ती बाई राजीखुशीने काम करत होती, असं तुम्हाला वाटलं का?"

कंडक्टर उभे राहिले. त्यांचा आवाज हल्ली फार मोठा येतो, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. सगळी खोली भरली. "मॅडम, मला ओठ वाचायला सांगितलं. ओठ मला पाच दिसले, मी पाच लिहिलं. मी शिकाऊ आहे, चुकलोही असेन. पण चेहऱ्याचं विचारत असाल, तर मी सत्तावीस वर्षं गाडीवर होतो. असा चेहरा मागच्या सीटवर दिसला असता तर मी एक घंटी मारली असती."

"एक घंटी म्हणजे?"

"गाडी थांबव. दोन म्हणजे चालू दे. काय झालं ते नंतर विचारायचं. आधी थांबवायचं. नसलं काही, तर परत दोन घंट्या. त्यात कुणाचं काय जातं?"

आणि ते बसले. वकिलांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

मग अध्यक्षबाईंनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, तुम्हाला काय हवं, बंदी की मोकळीक? ती म्हणाली, "मला दोन्ही नको. तिला विचारा." आणि काळ्या पडद्याकडे बोट केलं.

तिला विचारायला ती कुठे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

गाडीत कंडक्टर माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "बाई, मी नापास का?" मी म्हटलं, नाही. आजवरचा सगळ्यांत चांगला विद्यार्थी. त्यांना 'विद्यार्थी' वाचता आलं नाही, मला चारदा म्हणावं लागलं.

वहिनी

१८ जून

वहिनी,

अहवाल काल सादर झाला, म्हणून आता लिहिता येतं.

संपूर्ण बंदी पाच विरुद्ध चार मतांनी पडली. पाचवं मत वकिलांचं. पूर्ण मोकळीकही कुणी मागितली नाही, सुनावणीनंतर ती मागण्याची कुणाची छाती झाली नाही. जो मसुदा मी लिहिला, त्यात बघणाऱ्याला आणि कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला शिक्षा नाही. जो प्रसिद्ध करील त्याच्याकडे त्या व्यक्तीची संमती असली पाहिजे, मूळ आवाजासकट जपून ठेवलेली. तिने मागितलं की एका दिवसात काढायचं. आणि एक पोटकलम असं: "संमतीविषयी शंका असल्यास, चित्रफीत काढून टाकण्यापुरता त्या शंकेचा फायदा चित्रित व्यक्तीस मिळेल."

वहिनी, पंचवीस वर्षं मी मसुदे लिहितो आहे. शंकेचा फायदा आम्ही नेहमी आरोपीला देतो. उलटा देताना हात थबकला. म्हणून 'काढून टाकण्यापुरता' हे शब्द घातले. कुणाला तुरुंगात घालायला शंका पुरणार नाही, पण थांबवायला पुरेल. अध्यक्षबाई या पोटकलमाला आपसात 'घंटी' म्हणतात. सभागृहात ते टिकेल की नाही, सांगता येत नाही. दोन्ही बाजू नाराज आहेत.

ती बाई सापडली नाही. फीत तीन देशांतून फिरून आली आहे. पोलिसांच्या त्या विभागातल्या अधिकारी बाईंनी मात्र विचारलं आहे, की तक्रारी येतात त्या फिती बघायला तुमची विद्यार्थिनी आणि तुम्ही आठवड्यातून एक दिवस याल का.

आता दुसरं. फेब्रुवारीच्या पत्रात मी दादाचं बोलणं पूर्ण लिहिलं नव्हतं. तुम्ही माझ्या पदरचं खोटं एकदा भोगलं आहे, अर्धं खरं आणखी कशाला. "हिला कळायला नको" यानंतर तो म्हणाला, "त्यातली एक बाई काहीतरी सांगते. काय ते कळत नाही. परत लावली नाही मी ती. पण काढूनही टाकली नाही."

मी तेव्हा म्हणालो, "दमू नकोस, पडून राहा." विषय बदलला.

हे तुम्हाला सांगितल्याने बरं वाटेल की वाईट, मला माहीत नाही. मला सांगितल्याने बरं वाटेल म्हणून सांगत नाही.

धाकटा

३० जून

भाऊजी,

पत्र मिळालं त्या दिवशी शाळेत माझा वर्ग होता. घेतला. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या अधिकारी बाईंना फोन करून 'येतो' म्हणून सांगितलं, माझ्या विद्यार्थिनीला कारखान्यातून मंगळवारची सुट्टी मिळते. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीची भिंत रंगवून घेतली. तुम्हाला उत्तर आज लिहिते आहे.

'एक घंटी' बरोबर लिहिली आहे तुम्ही. त्यात खोट काढायला मी जागा शोधली, सापडली नाही. कंडक्टरांना पोटकलम वाचून दाखवलं, म्हणजे ओठांवर. त्यांना 'चित्रित व्यक्तीस' वाचता येईना. मी म्हटलं, भाऊजींनी सरकारी भाषेत तुमचंच वाक्य लिहिलं आहे. ते म्हणाले, मग माझं काय वाईट होतं?

दादांचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारल्यासारखंच लिहिलं आहे, मला काय वाटलं ते.

इतके महिने मी दोन गोष्टींपैकी एक खरी असेल असं धरलं होतं. एक तर त्यांना काही दिसलंच नाही, म्हणजे ते माझे साधे नवरे. नाही तर दिसलं आणि फरक पडला नाही, मग मी कुणाबरोबर राहिले देव जाणे. आता तुम्ही तिसरीच आणून ठेवलीत. दिसलं. खटकलं. परत लावली नाही. आणि तसंच ठेवून दिलं. यातला कुठलाही भाग मला अनोळखी वाटत नाही, हीच पंचाईत आहे. ते असेच होते. दाराची कडी सैल झाली तर दार जपून लावायचे, पण कडी घट्ट करायचे नाहीत.

माफ केलं का, असं विचाराल तर तो कागद माझ्या टेबलावर अजून आलेला नाही. तुम्हाला मात्र केलं. तुम्ही निदान उशिरा का होईना, पूर्ण वाक्य सांगितलंत.

एकच गोष्ट मनातून जात नाही. ती बाई काहीतरी सांगते आणि काय ते कळत नाही, असं ते म्हणाले. कळत नव्हतं, तर मला विचारायचं होतं. मी पलीकडच्या खोलीत वह्या तपासत बसलेली असायचे.

तुमची वहिनी